जुन्या सीबी रेडिओत डिजिटल व्हीएफओ बसवताय? आधी हा क्रम बघा

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुमच्याकडे एखादा जुना अमेरिकन ४० चॅनेलवाला सीबी सेट (सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्झचा बोलायचा रेडिओ) आहे, एएम-एसएसबीवाला, म्हणजे आवाज पाठवायच्या दोन्ही पद्धतींचा, आणि त्यात एसआय५३५१ मॉड्यूल (फ्रीक्वेन्सी बनवणारी चिप), आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि डिस्प्ले यांचा डिजिटल व्हीएफओ, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी लावणारा भाग, टाकून तो १० मीटर हॅम (हौशी रेडिओ) बँडवर चालवायचाय. यूट्यूबवर बघितलं तर अर्ध्या तासाचं काम वाटतं. मग लोक सगळं बसवतात आणि विचारतात, दादा रिसीव्हरला नुसता खर्र आवाज येतोय, किंवा पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की डिस्प्ले गोठतो, किंवा रिसीव्ह होतंय पण ट्रान्समिटच होत नाही. दहातल्या आठ वेळा मॉड्यूल चांगलं असतं आणि कोडही बरोबर असतो, गंडलेला असतो तो क्रम. जुना सेट मुळात नीट चालत होता का हे न बघताच त्यात नवीन वस्तू घुसवलेली असते, मग दोष जुन्याचा की नव्याचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

उदाहरण म्हणून मी कोब्रा १४८ जीटीएल आणि युनिडेन ग्रँटच्या जातीचा सेट धरतोय, म्हणजे एमबी८७१९ पीएलएल चिप (ऑसिलेटरला ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर धरून, म्हणजे लॉक करून ठेवणारी) आणि ७.८ मेगाहर्ट्झ आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रीक्वेन्सी) वाला. तुमचा वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच. पार्ट नंबर मुद्दाम देत नाहीये, कारण एकाच नावाच्या सेटमध्ये वेगवेगळे बोर्ड निघतात आणि लोक डोळे झाकून भलताच कॅपॅसिटर उपटतात.

## टप्पा १: कायदा, पाच मिनिटांचं काम पण आधी

अमेरिकेत असाल तर सीबी बँडवर वापरायच्या सर्टिफाइड सेटच्या आत असला बदल करायला एफसीसीची (तिथली रेडिओचे नियम बघणारी संस्था) परवानगी नाही. बदललेला सेट परत सीबीवर वापरायचा नाही, संपलं. हॅम लायसन्स असेल तर तोच सेट १० मीटरवर, म्हणजे २८.० ते २९.७ मेगाहर्ट्झमध्ये चालवता येतो. टेक्निशियन क्लासवाल्यांना एसएसबी फक्त २८.३ ते २८.५ मध्ये.

भारतात लायसन्सशिवायचा सीबी पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आहे, ५ वॅटपर्यंत, आणि अँटेना सेटमध्येच असलेला. अमेरिकन सेटचं २७ नंबरचं चॅनेल २७.२७५ वर आहे, २८ पासून पुढची सगळी या पट्ट्याच्या बाहेर, आणि हे सेट बाहेरच्या अँटेनावर चालतात, म्हणजे तेही बसत नाही. त्यामुळे आपल्याकडे सरळ रस्ता एकच, एएसओसी (हौशी रेडिओ चालवायचं प्रमाणपत्र) परीक्षा देऊन हॅम लायसन्स घ्या आणि मग १० मीटर. लायसन्स यायचंय तोवर रिसीव्हर बाजूचं काम शिका, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) खेळा, अँटेना लावून पीटीटी दाबू नका.

## टप्पा २: कागद आणि हत्यारं

सेट उघडायच्या आधी सर्किट डायग्राम आणि अलाइनमेंट चार्ट मिळवा. बोर्डवर छापलेला नंबर आणि डायग्रामवरचा नंबर जुळला पाहिजे, नुसतं मॉडेलचं नाव जुळून उपयोग नाही. डायग्रामची प्रिंट काढा, मोबाईलवर झूम करत सोल्डरिंग करणं हा छळ आहे.

हत्यारांत हे लागेल:

- १३.८ व्होल्टची सप्लाय, करंट लिमिटवाली असेल तर उत्तम
- ५० ओमचा डमी लोड, निदान २० वॅटचा
- मल्टिमीटर आणि आरएफ (रेडिओ सिग्नल) मोजायचा प्रोब. ऑसिलोस्कोप नसेल तर ओए७९ किंवा १एन३४ डायोड, एक छोटा कॅपॅसिटर आणि एक रेझिस्टर यांतून प्रोब घरी बनतो
- फ्रीक्वेन्सी काउंटर
- टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर) किंवा आरटीएल-एसडीआर (संगणकाला लावायचा स्वस्त रिसीव्हर). आरटीएल-एसडीआर साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वर थेट ऐकतो, त्यामुळे १० मीटरला चालतो
- प्लॅस्टिकचा अलाइनमेंट स्क्रूड्रायव्हर. लोखंडी वापरला की कॉइलचा कोअर तडकतो आणि ट्यूनिंगही खोटं दिसतं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत यातलं बरंचसं मिळतं. २एससी१९६९ फायनल ट्रान्झिस्टर (शेवटी पॉवर देणारा) मात्र जपून घ्या, नकली माल भरपूर आहे, वरचा नंबर पुसून नवा छापलेला असतो आणि पहिल्या हाकेलाच उडतो.

## टप्पा ३: जुना सेट जसा आहे तसा मोजा

लोक सगळ्यात जास्त हाच टप्पा गाळतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वायर न लावता सप्लायच्या दोन टोकांमध्ये ओम मोजा. शॉर्ट दिसला तर बहुतेक वेळा उलट पोलॅरिटीपासून वाचवणारा डायोड गेलेला असतो, कारण कोणीतरी कधीतरी गाडीत लाल-काळी उलटी लावलेली असते. तो डायोड नुसता काढून मोकळं होऊ नका, नवीन लावा. तो नसेल तर पुढच्या वेळी तुमचा नॅनो, मॉड्यूल, ऑडिओ चिप, सगळंच एका फटक्यात जाईल.

मग करंट लिमिट लावून चालू करा आणि वहीत लिहा: रिसीव्हला किती करंट, पीटीटी दाबल्यावर किती, डमी लोडवर एएमला किती वॅट, एसएसबीला शिट्टी मारल्यावर किती. कायद्याप्रमाणे हे सेट एएमला ४ वॅट कॅरियर आणि एसएसबीला १२ वॅट पीईपीचे (म्हणजे शिखरावरची पॉवर) असतात. तुमचा दीड वॅट देत असेल तर त्याचा पीएलएलशी काही संबंध नाही, आधी ते दुरुस्त करा.

आता महत्त्वाचं. व्हीसीओचा (पीएलएल ज्याला धरून ठेवते तो ऑसिलेटर) सिग्नल मिक्सरकडे (दोन फ्रीक्वेन्सी मिसळणारा भाग) जातो त्या जागी दोन गोष्टी मोजा, फ्रीक्वेन्सी आणि लेव्हल. चॅनेल १ ला एएमवर ३४.७६५ आणि चॅनेल ४० ला ३५.२०५ मेगाहर्ट्झ दिसलं पाहिजे, म्हणजे चॅनेलची फ्रीक्वेन्सी अधिक ७.८. लेव्हल स्कोपवर मोजा, नाहीतर प्रोबने. प्रोबचा आकडा अचूक नसला तरी चालेल, कारण आपल्याला नंतर त्याच प्रोबने तोच आकडा परत आणायचाय. एकदा व्हीसीओ कापला की हा आकडा परत मिळत नाही, म्हणून आत्ताच लिहा.

एएम, यूएसबी आणि एलएसबी (एसएसबीचा वरचा आणि खालचा साइडबँड) या तिन्ही मोडला कॅरियर ऑसिलेटर कुठे असतो तेही काउंटरने मोजा. तो सगळ्या मोडला सारखाच ७.८०० वर नसतो, एसएसबीला काही किलोहर्ट्झ वर-खाली जातो आणि मूळ सर्किट पीएलएललाही तेवढंच सरकवून हिशोब जुळवतं. हे तीन आकडे पुढे कोडमध्ये जाणार आहेत. नेटवरून उचललेले आकडे टाकू नका, तुमच्या सेटचे टाका.

तपासणी: वहीत निदान हे असलं पाहिजे: दोन करंट, दोन पॉवर, व्हीसीओच्या दोन फ्रीक्वेन्सी, एक लेव्हल, कॅरियरचे तीन आकडे. यातलं एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: कॅपॅसिटर बदला, पण सरसकट नाही

चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक वाळलेले असतात, ते बदलायचेच. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, १०५ डिग्रीवाले. एक काढा, एक लावा. सगळे एकदम काढून मग फोटो बघत लावणारे लोक आहेत, आणि एखादा उलटा लागून फुटला की दोष कॅपॅसिटरच्या कंपनीला.

सिरॅमिक आणि मायका कॅपॅसिटर, कॉइल, क्रिस्टल यांना हात लावायचा नाही. ऑसिलेटरमधल्या छोट्या सिरॅमिकचं तापमानाचं गणित ठरलेलं असतं, तिथे दुकानातला कुठलाही लावला की फ्रीक्वेन्सी दिवसभर फिरत राहते.

थांबा: याच वेळी "आवाज जरा बरा करू" म्हणून ऑडिओ चिप काढून पीएएम८४०३ सारखा स्वस्त क्लास-डी बोर्ड लावू नका. साध्या एएम सेटमध्ये तोच ऑडिओ अॅम्प्लिफायर मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर चालवतो, तो काढला की स्पीकर वाजेल पण ट्रान्समिटला आवाजच जाणार नाही. शिवाय क्लास-डीचं स्विचिंग रिसीव्हरमध्ये घुसतं ते वेगळंच.

कॅपॅसिटर झाले की टप्पा ३ मधली सगळी मोजणी परत करा. सुधारणा झाली असेल तर नवे आकडे लिहा, आता हेच तुमचे संदर्भाचे आकडे.

## टप्पा ५: डिजिटल भाग टेबलावर, सेटच्या बाहेर

एसआय५३५१, नॅनो, डिस्प्ले आणि एन्कोडर (फ्रीक्वेन्सी फिरवायची खुंटी) आधी टेबलावर चालवा. आयटूसी (चिप आणि डिस्प्ले नॅनोला जोडणारी दोन वायरची बस) जोडताना एसडीए म्हणजे ए४, एससीएल म्हणजे ए५, एन्कोडर डी२ आणि डी३ वर, कारण नॅनोला इंटरप्ट तिथेच आहेत. एसआय५३५१ चा पत्ता हेक्समध्ये ६०, एलसीडीच्या बॅकपॅकचा बहुतेक २७ किंवा ३एफ. काही दिसत नसेल तर आधी आयटूसी स्कॅनर चालवा, मग कोडवर संशय घ्या.

मॉड्यूल घेताना त्यावरचा क्रिस्टल वाचा, २५ मेगाहर्ट्झ आहे की २७. कोडमध्ये २५ आणि बोर्डवर २७ असेल तर सगळं ८ टक्क्यांनी चुकतं आणि माणूस दोन रात्री लायब्ररी बदलत बसतो. चिप ३.३ व्होल्टची आहे. रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर असलेला बोर्ड असेल तर ५ व्होल्टच्या नॅनोला सरळ जोडा, उघडी चिप असेल तर नाही.

डिस्प्ले कुठला? सगळ्यांना तो छोटा निळा ओएलईडी आवडतो. दिसतो छान, पण त्याच्या आतला चार्ज पंप रिसीव्हरमध्ये किरकिर करतो. साधा १६x२ एलसीडी जुनाट दिसतो पण शांत असतो, मी तरी तोच लावा म्हणेन. आणि कोडमध्ये डिस्प्ले सतत रिफ्रेश करायचा नाही, फ्रीक्वेन्सी बदलली तरच लिहायचं. एसआय५३५१ लाही तसंच, एन्कोडर हलला तरच आयटूसीवर बोलायचं, बाकी वेळ बस गप्प. निम्मी किरकिर इथेच जाते, फुकटात.

नॅनो १६ मेगाहर्ट्झचाच घ्या. ८ मेगाहर्ट्झवाले ३.३ व्होल्टचे बोर्ड मिळतात पण आपला आयएफ ७.८, इतक्या शेजारी घड्याळ कशाला ठेवायचं.

कोडचं गणित एका ओळीचं आहे: लोकल ऑसिलेटर (मिक्सरला द्यायची फ्रीक्वेन्सी) बरोबर डिस्प्लेवरची फ्रीक्वेन्सी अधिक त्या मोडची कॅरियर फ्रीक्वेन्सी. २८.४०० ला एएमवर ३६.२००. समजा तुमच्या सेटला यूएसबीची कॅरियर ७.८०२५ मोजली गेली, तर ३६.२०२५. मोड स्विचची एक वायर नॅनोला द्यावी लागेल, नाहीतर त्याला कळणार कसं तुम्ही कुठल्या मोडला आहात. ही वायर १३.८ व्होल्टवर जात असेल तर मध्ये रेझिस्टरचा डिव्हायडर टाका, सरळ जोडली तर नॅनो गेला.

काही जण म्हणतात ३६ मेगाहर्ट्झ कशाला, वजा करून २०.६ वापरू. करू नका. लोकल ऑसिलेटर खालच्या बाजूला नेला की साइडबँड उलटतात, यूएसबीच्या जागी एलएसबी, आणि मूळ ट्यून्ड सर्किटं ३५ च्या आसपासची आहेत, ती २० ला साथ देणार नाहीत.

जुन्या चॅनेलप्रमाणे चालणारा मोड कोडमध्ये ठेवायचा असेल, फक्त ऐकायला, तर चॅनेल गुणिले १० किलोहर्ट्झ असा लूप लिहू नका. चॅनेल ३ म्हणजे २६.९८५ आणि ४ म्हणजे २७.००५, मधली फ्रीक्वेन्सी गाळलेली आहे, अशा आणखी जागा आहेत. आणि २३ वर २७.२५५ आहे पण २४ वर २७.२३५, २५ वर २७.२४५, म्हणजे मागे जातं. पूर्ण टेबल लिहा.

कॅलिब्रेशनही इथेच करा. एसआय५३५१ ला बरोबर १० मेगाहर्ट्झ द्यायला सांगा, आउटपुटला वायरचा छोटा तुकडा लावा, शेजारी शॉर्टवेव्ह रेडिओवर टाइम स्टेशन लावा (अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूव्ही, आपल्याकडे चीनचं बीपीएम १० किंवा १५ वर येतं) आणि दोघांचा बीट शून्याजवळ येईपर्यंत करेक्शनचा आकडा बदला. मॉड्यूल अर्धा तास गरम झाल्यावर हे करायचं, चालू केल्याकेल्या नाही.

तपासणी: टेबलावर २८.०, २८.४ आणि २९.७ ला काउंटरवर ३५.८, ३६.२ आणि ३७.५ आलं का? तासभर चालू ठेवल्यावर किती सरकलं? एसएसबीला ३०-५० हर्ट्झ सरकलं तरी कानाला कळतं.

## टप्पा ६: फिल्टर आणि पॅड

एसआय५३५१ चं आउटपुट चौकोनी लाट आहे. म्हणजे ३६ सोबत १०८ पण येतो, त्याच्या पुढचेही. ही लाट सरळ मिक्सरला दिली की नको त्या जागी स्टेशनं ऐकू येतात आणि ट्रान्समिटला कचरा बाहेर पडतो. मध्ये एक लो-पास फिल्टर टाका: ६८ पिकोफॅरॅड जमिनीला (ग्राउंडला), ०.३५ मायक्रोहेन्री सिरीजमध्ये, परत ६८ पिकोफॅरॅड जमिनीला. कॉइलसाठी टी३७-६, तो पिवळा टोरॉइड, त्यावर ११ वेढे. याचा कट ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, ३६ ला जेमतेम १ डेसिबल जातो आणि १०८ ला २० च्या वर दाबतो. वेढे मोजताना भोकातून तार जितक्या वेळा गेली तितके वेढे, बाहेरून मोजाल तर एक चुकतो.

मग पॅड, म्हणजे सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारे तीन रेझिस्टर. सुरुवात चिपच्या सगळ्यात कमी ड्राइव्हने करा, २ मिलिअॅम्पिअर, आणि फिल्टरनंतर रेझिस्टरचा पॅड लावा. ६ डेसिबलला १५०-३९-१५० ओम, १० डेसिबलला १००-६८-१००. वहीतल्या लेव्हलच्या आकड्यापर्यंत यायचं, पुढे नाही. इथे लोकांचा समज असा की जास्त दिलं की जास्त मिळेल. मिक्सरला जास्त लोकल ऑसिलेटर म्हणजे जास्त पॉवर नव्हे, जास्त घाण.

## टप्पा ७: सप्लाय आणि डबा

१३.८ वरून ५ व्होल्ट करायला तो स्वस्त निळा बक कन्व्हर्टर नको. कार्यक्षम असतो खरा, पण त्याचा आवाज अख्ख्या बँडभर ऐकू येतो. साधा ७८०५ रेग्युलेटर घ्या. एकूण १०० मिलिअॅम्पिअर धरले तरी त्यावर ०.९ वॅटच उष्णता होते, चासीला स्क्रूने घट्ट बसवला की झालं. इनपुटला फेराइट बीड, दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरॅड आणि एकेक इलेक्ट्रोलिटिक.

नॅनो आणि एसआय५३५१ पत्र्याच्या बंद डब्यात. जुन्या तुपाच्या डब्याचा पत्रा कापून सोल्डर केला तरी चालतो, कॉपर क्लॅडचे तुकडे जोडले तरी चालतात, प्लॅस्टिकचा डबा मात्र नाही. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरवर फीडथ्रू कॅपॅसिटर, नाहीतर निदान १०० ओम आणि ०.०१ मायक्रोफॅरॅड. आरएफ बाहेर न्यायला आरजी-१७४ कोअॅक्स, शील्ड दोन्ही टोकांना जमिनीला. पीटीटी दाबल्यावर डिस्प्ले गोठण्याचं कारण जवळपास नेहमी हेच असतं, १२ वॅट आरएफ आयटूसीच्या वायरवर चढलेला असतो.

डबा फायनल ट्रान्झिस्टर आणि ७८०५ पासून लांब लावा. क्रिस्टल तापला की फ्रीक्वेन्सी निघाली फिरायला.

## टप्पा ८: जुना व्हीसीओ वेगळा करणे

आता कुठे सेटला हात लावायचाय. आणि इथेच दोन मोठे घोळ होतात.

पहिला घोळ, पीएलएल चिपच उपटणे. बऱ्याच सेटमध्ये, विशेषतः १०.६९५ आयएफवाल्या एएम सेटमध्ये, १०.२४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पीएलएलचा संदर्भ तर असतोच पण तोच दुसऱ्या मिक्सरलाही जातो, १०.६९५ वजा १०.२४० म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ. चिप काढली किंवा तिची सप्लाय तोडली की हा ऑसिलेटर मेला, रिसीव्हर मुका. म्हणून डायग्रामवर १०.२४० कुठे कुठे जातोय ते पेन्सिलीने रंगवून बघा. चिप जागेवर राहू द्या.

दुसरा घोळ, लॉक डिटेक्ट, म्हणजे पीएलएल लॉक आहे की नाही सांगणारी लाइन. व्हीसीओ बंद केला की पीएलएल अनलॉक होतो, आणि अनलॉक झाला की चिप ट्रान्समिट अडवते, कारखान्यानेच केलेली सोय. "रिसीव्ह होतंय पण ट्रान्समिट होत नाही" ते हेच. ती लाइन नुसती तोडून मोकळं होऊ नका, कारण मग एसआय५३५१ हँग झाला तरी सेट कुठेही ट्रान्समिट करेल. त्याऐवजी ती लाइन एका ट्रान्झिस्टरमार्फत नॅनोच्या ताब्यात द्या. कोडमध्ये अट अशी: एसआय५३५१ च्या शून्य नंबरच्या रजिस्टरमधले सिस्टिम इनिट आणि वापरात असलेल्या पीएलएलचा लॉस ऑफ लॉक हे बिट शून्य असतील, आणि फ्रीक्वेन्सी २८.० ते २९.७ च्या आत असेल, तरच ट्रान्समिट मोकळं. चालू करताना डीफॉल्ट बंद. यासाठी एक रेझिस्टर असा लावा की नॅनो मेला तरी लाइन बंदच राहील.

व्हीसीओ तोडताना बोर्डवरची तांब्याची पट्टी कापू नका. मिक्सरकडे जाणाऱ्या कपलिंग कॅपॅसिटरचा एक पाय उचला आणि व्हीसीओची सप्लाय देणाऱ्या रेझिस्टरचा एक पाय उचला, दोन्ही. फक्त पहिला उचलला तर जुना ऑसिलेटर आत चालूच राहतो, त्याची गळती होते आणि ३५ च्या आसपास भूत, म्हणजे नको तो सिग्नल, दिसतं. नवा सिग्नल कपलिंग कॅपॅसिटरच्या मिक्सरकडच्या बाजूला, छोट्या डीसी ब्लॉकिंग कॅपॅसिटरमधून द्या.

तपासणी: पीटीटी न दाबता मिक्सरपाशी लेव्हल मोजा. वहीतल्या आकड्याच्या आसपास आहे? नसेल तर पॅड बदला, ट्रिमपॉट किंवा कॉइल फिरवायच्या नाहीत.

## टप्पा ९: रिसीव्हर आधी

अँटेना काढून डमी लोड लावा आणि २८.० ते २९.७ हळूहळू फिरवा. जिथे जिथे शिट्टी ऐकू येईल ती जागा लिहा. मग नॅनोची सप्लाय, डिस्प्लेची वायर, डब्याचं झाकण असं एकेक करून बघा कशाने कमी होते. दोन-चार बारीक शिट्ट्या राहिल्या तर सोडून द्या, पण सगळीकडे सारखी किरकिर असेल तर सप्लाय किंवा डिस्प्ले, दुसरं काही नाही.

किरकिर गेली की मगच अलाइनमेंट. रिसीव्हरच्या फ्रंट एंडच्या कॉइल २७.१८५ ला बसवलेल्या असतात, २८.४ ला कमकुवत सिग्नलवर पीक करा. कोअर शेवटाला जाऊनही पीक मिळत नसेल तर त्या कॉइलच्या समांतर कॅपॅसिटर ८ टक्क्यांच्या आसपास कमी लागतो. कोअर कडक वाटला तर जोर लावू नका, हेअर ड्रायरने थोडा गरम करा, जुन्या मेणाने धरलेला असतो. आयएफच्या ७.८ वाल्या कॉइलला हात लावायचं काहीच कारण नाही, तिथली फ्रीक्वेन्सी बदललेलीच नाही. तरी लोक लावतात, कारण हातात स्क्रूड्रायव्हर असतो.

## टप्पा १०: ट्रान्समिट, डमी लोडवर

आधी एएम, पीटीटी दोन सेकंद, करंट बघा. वहीतल्यापेक्षा खूप जास्त असेल तर लगेच सोडा, काहीतरी ऑसिलेट होतंय. ठीक असेल तर ट्रान्समिट मिक्सर आणि ड्रायव्हरच्या कॉइल २८.४ ला पीक करा, पाच सेकंद दाबायचं, दहा सेकंद थंड होऊ द्यायचं. फायनलच्या बायसला हात नको, आणि लावायचाच असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच.

४ आणि १२ वॅटच्या पुढे ओढण्याचा मोह होतो. मॉड्युलेशन लिमिटर कापा, अमुक करा, तमुक करा, नेटवर सल्ले भरपूर आहेत. शेजारच्या दहा किलोहर्ट्झमध्ये तुमचाच आवाज फाटून ऐकू येणार, बाकी काही नाही.

मग स्पेक्ट्रम बघायचा. टायनीएसएच्या इनपुटला कमाल १० डीबीएम झेपतं आणि १२ वॅट म्हणजे साधारण ४१ डीबीएम, म्हणजे सरळ जोडलं तर उपकरण गेलंच. एकूण ६० डेसिबल अटेन्युएटर ठेवा, म्हणजे उणे १९ च्या आसपास येईल, आणि पहिला अटेन्युएटर पूर्ण पॉवर सहन करणारा हवा. आरटीएल-एसडीआर तर ट्रान्समीटरला वायरने जोडायचाच नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला छोट्या तारेवर ठेवा.

बघायचं काय: दुसरा हार्मोनिक ५६.८ ला, तिसरा ८५.२ ला. अमेरिकेच्या हॅम नियमात ३० मेगाहर्ट्झखालच्या ट्रान्समीटरला नको ते सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा निदान ४३ डेसिबल खाली लागतात, भारतात असाल तरी हाच आकडा पकडून चाला. शिवाय २७ ते ३० मध्ये बारीक स्पॅन लावून बघा. तिथे छोटे दांडे दिसले तर मिक्सरला लोकल ऑसिलेटर जास्त जातोय किंवा फिल्टर नीट बसला नाही, टप्पा ६ ला परत जा. आणि ३६.२ ला दांडा दिसत असेल तर लोकल ऑसिलेटरच बाहेर पडतोय, कोअॅक्सचं शील्ड आणि डब्याची जमीन तपासा.

थांबा: एसएसबीवर दुसऱ्या रेडिओवर हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐका. आवाज कार्टूनसारखा वर-खाली वाटला तर कॅरियरचा आकडा चुकलाय. यूएसबीला बरोबर आणि एलएसबीला चुकीचा असेल तर मोड स्विचची वायर नॅनोपर्यंत पोचत नाहीये.

## टप्पा ११: अँटेना

जुना सीबी अँटेना तसाच लावू नका. २७.१८५ चा डायपोल ५.२४ मीटरचा असतो, २८.४ ला ५.०२ लागतो, म्हणजे प्रत्येक बाजूने ११ सेंटिमीटर कमी. गाडीच्या व्हिपलाही साधारण ४ टक्के कमी करावं लागतं. थोडं थोडं कापा, प्रत्येक वेळी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघा. एएमचा हौशी असाल तर १० मीटरला एएमवाले २९.० ते २९.२ मध्ये भेटतात, त्याप्रमाणे लांबी आणखी कमी लागेल, एकाच तारेत दोन्ही नीट बसवायचा अट्टहास नको.

पहिला आठवडा रोज वापरल्यावर डबा उघडून सोल्डर जॉइंट आणि ७८०५ चा स्क्रू बघा, कॅलिब्रेशन परत एकदा तपासा. आणि उचललेले दोन पाय, नवा पॅड, कॅरियरचे तीन आकडे आणि कोडची तारीख एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या वेळी उघडणारा माणूस तुम्ही नसालही.